दाराचं माप

३ फेब्रुवारी

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं फर्मान काढलंय की रोज पानभर लिहायचं, आणि तेही मोठ्या अक्षरात. माझं अक्षर म्हणे मुंगीएवढं होत चाललंय. काय लिहू विचारलं, तर म्हणाली, "मनात येईल ते लिहा, काका." मनात येईल ते लिहिलं आणि तिनं वाचलं, तर उद्यापासून ती यायची नाही.

तेव्हा मनातलं राहू दे, कामाचं लिहितो. लोकांची घरं हलवून देणं हा आमचा धंदा. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या मेहुण्याचा, हिच्या धाकट्या भावाचा. आधी मी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन एक फेरी मारतो. कुठलं कपाट दारातून निघेल, कुठलं गॅलरीतून दोरानं उतरवावं लागेल, जिन्याच्या वळणावर सोफा आडवा घ्यायचा की उभा, गाडी केवढी लागेल, हे सगळं बघून लिहून देतो. ठरल्या दिवशी मेहुणा माणसं आणि गाडी घेऊन जातो आणि मी लिहिलंय तसं करतो. टेप मी खिशात ठेवतो, पण लावत नाही. टेप नवशिक्यांसाठी. फेरी संपेपर्यंत माझ्या डोक्यात गाडी भरून झालेली असते, शेवटची बादली कुठे बसणार तेसुद्धा ठरलेलं असतं.

दीड वर्षापूर्वी मला कंपवात निघाला. डावा हात थरथरतो. गोळ्यांनी आता बराच ताळ्यावर आलाय. तरी जो तो माझ्या हाताकडे बघत बसतो. अरे बाबांनो, आजार हाताला झालाय. मी सामान हातानं थोडंच उचलतो? मी डोळ्यानं उचलतो. धंद्याला काही धोका नाही.

पान भरलं. सुटलो.

८ फेब्रुवारी

बेडरूमचं दार अरुंद झालंय. गेल्या महिन्यात रंगारी आला होता, त्या शहाण्यानं चौकटीवर रंगाचे थरावर थर चढवलेले दिसतात. दोनदा डावा खांदा घासला. आज तर मी चौकटीत उभाच राहिलो. अंग पुढे निघालं होतं, पाय मात्र कुणी जमिनीला खिळवल्यासारखे. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय बघताय?"

"रंग बघतोय," मी म्हणालो.

मग कुणी नसताना टेप लावला. माप पूर्वी होतं तेवढंच आलं. टेप जुना आहे, इतक्या वर्षांत ताणला गेला असणार. नवा आणायला हवा.

१२ फेब्रुवारी

नवा टेपही तेच सांगतो. हल्ली एक वस्तू धड बनवत नाहीत.

हिनं हॉलमधलं टीपॉय आणि दोन खुर्च्या मैत्रिणीला देऊन टाकल्या. म्हणते, अडचण होते. लग्नाला चौतीस वर्षं झाली, टीपॉय पहिल्या वर्षापासून तिथेच होतं, आत्ता अडचण झाली. बायकांच्या डोक्यात कधी काय शिरेल सांगता येत नाही.

२१ फेब्रुवारी

आजचं लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं घर होतं. त्यांच्याकडे काचेच्या दारांचं मोठं पुस्तकांचं कपाट. मी चार दिवसांपूर्वी बघून आलो होतो आणि लिहून दिलं होतं, कपाट दारातून जाणार नाही, चौकट काढावी लागेल. आज सहज म्हणून मीही गेलो होतो. सुतारानं पाऊण तास खपून चौकट काढली, भिंतीचे टवके उडाले, बाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. मग माणसांनी कपाट उचललं आणि ते दारातून गेलं. नुसतं गेलं नाही, चौकट असती तरी आरामात गेलं असतं. इकडून एक माणूस कपाटाला हात लावून चालत होता आणि तिकडून एक.

कुणीही एक शब्द बोललं नाही. आमची माणसं एरवी एवढी वटवट करतात की गिऱ्हाइकं वैतागतात. आज सगळ्यांना अचानक शिस्त लागली.

मी बाईंना म्हणालो, चौकट आतून पोखरलेली होती, आज ना उद्या काढावीच लागली असती. बाईंनी चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शाळेत गृहपाठ न आणलेल्या पोराकडे बघत असतील तसं. मेहुणा म्हणाला, "आम्ही उद्याच्या उद्या नवीन बसवून देतो, बाई." गाडीत तो रेडिओ लावून बसला.

त्या दिवशी त्यांच्या घरात उजेड कमी होता. पडदे लावलेले होते. त्यामुळे झालं.

४ मार्च

दातांच्या डॉक्टरांचं घर बघून आलो. तीन खोल्या, सामान बेताचं. पण आज गंमत झाली. हॉल बघितला, सोफा गाडीच्या डाव्या भिंतीला लावला, डोक्यात. बेडरूममध्ये जाऊन पलंग उचलला, तर सोफा जागेवर नाही. परत हॉलमध्ये आलो, सोफा नीट बघितला, तो उभा करून फिरवायला गेलो, तर तो फिरेचना. म्हणजे डोक्यात फिरेना. एक बाजू दिसली की दुसरी नाहीशी होते. मी आणखी एक फेरी मारली. डॉक्टर म्हणाले, "काही हरवलं का?"

"नाही, पक्कं करून घेतोय," मी म्हणालो.

शेवटी "मोठी गाडी" असं लिहून दिलं. मोठी गाडी कधी चुकत नाही.

गोळ्यांची वेळ बदलल्यामुळे डोकं जड झालं असेल. माझ्या कंपवाताच्या डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं. पण त्यांना काही सांगितलं की त्या आणखी एक गोळी देतात, म्हणून सांगत नाही.

१३ मार्च

व्यायामवाल्या मुलीनं आज बेडरूमच्या दारापासून संडासापर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या. "काका, पट्टीवरून पाऊल टाकायचं. फरशी बघायची नाही, दार बघायचं नाही, पट्टी बघायची." मी म्हणालो, मी काय शाळेतल्या शर्यतीत धावतोय? पण खरं लिहायचं तर पट्टी असली की पाय उचलला जातो. नुसती फरशी असली की नाही. याला काही अर्थ आहे का? साधी फरशी ओलांडता येत नाही आणि फरशीवर अडथळा ठेवला की येते.

ही हल्ली दुपारची बाहेर जाते. कुठे विचारलं तर, "जरा जाऊन येते." पूर्वी भाजी आणायलाही मला सोबत ओढायची. माझ्याबरोबर चालायचा कंटाळा आला असेल. मीही कंटाळलोय माझ्याबरोबर चालून.

२० मार्च

मोठीच भानगड उघडकीला आली.

सकाळी एक घर बघून आलो आणि चष्मा तिथेच विसरलो. दुपारी परत गेलो, तर घरची सूनबाई म्हणाली, "अहो काका, मघाशीच तुमचे लोक येऊन गेले. त्यांच्याकडे द्यायला पाहिजे होता."

"कुठले लोक?"

"तुमच्याच कंपनीचे म्हणाले. एक गृहस्थ आणि एक बाई. त्यांनी सगळं परत मापलं. कपाटं, पलंग, दारं, सगळं. टेप लावून."

मी तिथेच खुर्चीत बसलो. कुणीतरी आमच्या मागावर आहे! मी घर बघून येतो, मागोमाग हे हजर, आमचंच नाव सांगून आत शिरतात, माप घेतात आणि आमच्यापेक्षा कमी भाव सांगून काम पळवतात. शिवाय बाई बरोबर ठेवायची, म्हणजे घरातल्या बायकांना संशय येत नाही. डोकं चालवतात लेकाचे.

संध्याकाळी मेहुण्याला बोलावून सगळं सांगितलं. म्हटलं, डोळे उघडे ठेव. तो चहाच्या कपात बघत बसला. "बघतो, भाऊजी," एवढंच. अरे, बघतो काय? धंदा बुडायला लागलाय आणि हा बघतो! हिलाही म्हटलं, तूच समजाव तुझ्या भावाला. ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

या दोघांना कशाचंच गांभीर्य नाही. मलाच काहीतरी करावं लागणार.

२४ मार्च

उद्याचं घर न्हाव्याच्या दुकानासमोर आहे. मी सकाळी बघून येणार आणि मग दाढीच्या निमित्तानं दुकानात बसणार. चोर रंगेहाथ पकडतो. खूप दिवसांनी आज मजा वाटतेय.

२६ मार्च

काल लिहू शकलो नाही.

घर बघून झाल्यावर मी न्हाव्याच्या दुकानात बाकावर जाऊन बसलो. समोरचा रस्ता स्वच्छ दिसत होता. वर्तमानपत्र वाचून संपलं, मग परत पहिल्यापासून वाचलं. माझा नंबर दोनदा आला, दोन्ही वेळा मी दुसऱ्याला पुढे केलं.

मग ते आले. रिक्षातून आधी मेहुणा उतरला. मला वाटलं, वा, याला अक्कल आली, हाही चोर धरायला आलाय. मग त्याच्यामागून ही उतरली. तिच्या हातात टेप होता. तो नवा टेप, मी आणलेला. दोघं बोलत बोलत घरात गेले. खिडकीतून मला आतलं दिसत होतं. तिनं टेपचं टोक कपाटाला धरलं, तो दुसरं टोक घेऊन मागे मागे गेला. तिला हे चांगलं येत होतं. सवयीनं येतं तसं.

मी उठलो. मला त्या घरात जायचं होतं आणि दोघांना धरून विचारायचं होतं. दुकानाच्या दारापर्यंत ताडताड आलो आणि उंबऱ्याशी पाय थांबले. दार माझ्यापेक्षा अरुंद होतं. नव्हतं, हे मला कळत होतं, एवढी गिऱ्हाइकं माझ्यादेखत त्यातून आत आली होती. पण मला ते अरुंद होतं. मागून अर्धी दाढी केलेला एक माणूस "जरा सरकता का" म्हणत होता, बाहेर दुसरा एक आत यायला उभा होता. न्हावी म्हणाला, "काका, आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा." मी ना आत ना बाहेर. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. मला रडू यायला लागलं आणि डोळे पुसायला हात वर नेला तर तो हात थरथरत सुटला.

हिनं खिडकीतून बघितलं असावं. रस्ता ओलांडून आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिची चप्पल माझ्या बुटापुढे आडवी ठेवली. "याच्यावरून टाका पाऊल," म्हणाली.

मी टाकलं. बाहेर आलो. टेप अजून तिच्या दुसऱ्या हातात होता.

२७ मार्च

काल घरात भांडण झालं. म्हणजे मी भांडलो. मेहुणा खाली मान घालून बसला होता. मी त्याला नाही नाही ते बोललो. तुला हाताला धरून मी धंद्यात आणलं, आणि तू माझ्या पाठीमागून बायका घेऊन माझी मापं तपासत फिरतोस?

"बायका नाही भाऊजी, ताई," तो म्हणाला. एरवी हसलो असतो.

"किती वेळा चुकलं माझं?"

तो खिशातली किल्ली चाळवत बसला.

"अरे सांग की! किती वेळा?"

"अलीकडे रोजच, भाऊजी. दातांच्या डॉक्टरांकडे तुम्ही मोठी गाडी लिहिलीत, छोटीसुद्धा अर्धी रिकामी गेली असती. एकदा उलटं झालं, अर्धं सामान रस्त्यावर राहिलं. माणसं कुरकुर करायला लागली. मला काय करावं कळेना, म्हणून ताईकडे आलो."

मग ही बोलली. "मीच त्याला सांगितलं, त्यांना कळू द्यायचं नाही. ते बघून येतील, मागून आपण बघू."

"म्हणजे मी बघून येतो ते काय? फिरायला जातो?"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही रोज शर्ट घालून घराबाहेर पडावं म्हणून."

महिनाभर मी ऐटीत जिने चढत होतो आणि माझ्यामागून माझी बायको टेप घेऊन माझा कचरा झाडत होती. मला तिचा राग आला, आणि लाज वाटली. लाज जास्त.

३१ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एका कागदावर ठोकळा काढला, शेजारी चार ठोकळे काढले आणि विचारलं, हाच ठोकळा फिरवला तर यातला कुठला? मी आयुष्यभर कपाटं फिरवली. मला सांगता येईना. त्यांनी सोपा काढला. तोही नाही. ही शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे तिला उत्तर आलं होतं.

बाई म्हणाल्या, हा आजार नुसता हातापायांचा नाही. डोक्यात जागेचा हिशेब करणारा भाग असतो, तिथेही तो पोचतो. दारं अरुंद वाटतात, अंतर चुकतं, वस्तू मनातल्या मनात फिरवता येत नाही. डाव्या बाजूनं सुरू झालेल्यांत हे जास्त दिसतं. डोळे चांगले आहेत, म्हणून माणसाला आपलं चुकतंय हे कळतच नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलं?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"मागच्या वेळी सांगितलं होतं. तुमच्या मिसेसनी विचारलं होतं, म्हणून. तुम्ही म्हणालात, ते राहू द्या, हाताचं बोला."

२ एप्रिल

गेलो नाही. घरं बघायला जाणार नाही म्हणून सांगून टाकलं.

५ एप्रिल

घरातच आहे.

९ एप्रिल

बाथरूमच्या दारात अडकलो. ही खाली गेली होती. पट्टी पाण्यानं निघून आली होती. आरशात मी दिसत होतो, चौकटीत उभा, हातात टॉवेल. ही येईपर्यंत तसाच. आल्यावर तिनं आधी पिशवी ठेवली, मग पाय आडवा ठेवला. तिला आता याची इतकी सवय झालीय की ती बोलता बोलता करते. आज टोमॅटो स्वस्त मिळाल्याचं सांगत होती.

मी माणसांना घराबाहेर काढायचा धंदा केला. पलंगासकट, फ्रीजसकट. आता मीच आत राहिलोय आणि मला काढायला कुणाला बोलवावं कळत नाही.

१६ एप्रिल

व्यायामवाली मुलगी म्हणाली, "काका, वहीत काहीच नाही या आठवड्यात." म्हटलं, काही झालंच नाही तर काय लिहू? "मग तेच लिहा." लिहितो. काही झालं नाही.

ही दुपारी टेप घेऊन जाते. आता लपवत नाही. आल्यावर कुठल्या घरात काय होतं ते सांगते. मी विचारत नाही, पण ऐकतो. काल एक गोल जिना होता म्हणे. पलंग गॅलरीतून काढायचं तिनं ठरवलं. बरोबर ठरवलं असेल. मी मनात तो जिना चढायला गेलो आणि दुसऱ्याच पायरीवर तो नाहीसा झाला.

२७ एप्रिल

मेहुणा येऊन गेला. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नव्हतो. म्हणाला, "भाऊजी, उद्या एक घर बघायचंय. माप ताई घेईल. तुम्ही नुसते या आणि गिऱ्हाइकाशी बोला. मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. परवा एका बाईंनी माझं तोंड बघून काम दुसऱ्याला दिलं."

हे खरं असेल किंवा मला बाहेर काढायची नवी युक्ती असेल. त्याचं तोंड बघता खरंही असू शकेल. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

२८ एप्रिल

सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. ही बाहेरच्या दाराशी चपला घालून उभी होती. मी बेडरूमच्या चौकटीपाशी आलो आणि थांबलो. पट्ट्या होत्या, पण आज त्यांचा उपयोग होईना. चौकट दोन्ही खांद्यांना येऊन टेकल्यासारखी दिसत होती. ती टेकलेली नाही हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून काही होत नाही, हे ज्याला झालंय त्यालाच कळेल. मी डोळे मिटून बघितले, उघडून बघितले. दार तेवढंच. पलीकडे रिकामा हॉल, त्याच्यापलीकडे ही. ती घाई करत नव्हती. घड्याळाकडेसुद्धा बघत नव्हती.

"यातून मी जाईन का गं?" मी विचारलं.

इतकी वर्षं लोक मला हे विचारत आले. कपाटाबद्दल, पलंगाबद्दल. मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तिनं थट्टा केली नाही. चपला काढून आत आली. समोर उभी राहून तिनं आधी मला या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत नीट बघितलं, मग चौकट बघितली. "जाल," ती म्हणाली. "दोन्हीकडून वीतभर जागा आहे."

"मला दिसत नाही."

"मला दिसतेय ना."

मी पाऊल उचललं. माझ्या डोळ्यांना विचारून नाही, तिला विचारून. घामानं शर्ट पाठीला चिकटला, पण खांदा कुठे घासला नाही. पुढे लिफ्टच्या दाराशी विचारलं, गाडीच्या दाराशी विचारलं. तिनं दर वेळी खरंच बघून सांगितलं, उगाच म्हणायचं म्हणून नाही. गिऱ्हाइकाच्या दाराशी पोचेपर्यंत मी पार दमलो होतो आणि अजून कामाला सुरुवातही झाली नव्हती.

गृहस्थ बोलके निघाले. मी बसलो आणि मला सूर सापडला. काच कशी बांधतात, कुंड्या कशा नेतात, सगळं सांगितलं. त्यांना हसवलं. मेहुणा पलीकडे उभा राहून ऐकत होता. त्याला खरंच बोलता येत नाही. मग गृहस्थ मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे त्यांचं जुनं लाकडी कपाट होतं.

"याचीच काळजी आहे," ते म्हणाले. "तुम्ही अनुभवी माणूस. नुसतं बघून सांगता म्हणे. जाईल का हो हे दारातून?"

मेहुण्यानं मान खाली घातली. मी कपाट बघितलं, दार बघितलं, परत कपाट बघितलं. कपाट दाराच्या दीडपट होतं. अगदी स्पष्ट दिसत होतं. पैज लावली असती.

"मला विचाराल तर अजिबात जाणार नाही," मी म्हणालो. "म्हणूनच मला विचारू नका. हिला विचारा."

गृहस्थांना वाटलं, मी गंमत करतोय. ते मोठ्यांदा हसले. ही टेप उलगडत पुढे आली आणि म्हणाली, "अहो, जरा सरका."

मी सरकलो.